मरळ कधी गुंगत नाही

शिरूर, ९ मार्च १९७५

सोपान,

आशीर्वाद. तुला पत्र लिहायला सवड होत नाही हे मी धरूनच चालते. सगळी रेल्वे तुझ्याच खांद्यावर, तू घटकाभर खाली बसलास तर मनमाडची गाडी दौंडातच उभी राहायची. म्हणून आधी थोरल्या बहिणीनं लिहायचं, ही आपली रीतच पडली आहे.

परवा महबूबभाई आमच्या दवाखान्यात आले होते, बोट चेमटलं म्हणून. मीच पट्टी बांधली. आता त्यांचा ट्रक आहे, दौंड-शिरूर फेऱ्या असतात, पण मला ते अजून सायकलवरच दिसतात. सकाळी काठावर येऊन घंटी वाजवायचे आणि आई ओल्या गोणपाटाखाली झाकलेली मासळीची पाटी त्यांच्या कॅरिअरला बांधून द्यायची. तर ते म्हणाले, "सिंधूताई, म्हाळूआबा लई उतरलेत. वस्तीवर गेलतो. डोहाकडं तोंड करून बसले व्हते. हाक मारली तर म्हणाले, आज मासळी न्हाई, उद्या ये."

महबूबभाईंनी मासळीचा धंदा सोडून बारा वर्षं झाली. आपल्या बापाचं हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुला काय काय आठवतं रे? बाभळीच्या सालीत जाळी उकळायची त्या दिवशी सगळं अंगण तांबडं व्हायचं, आणि आपले पाय आठवडाभर. शाळेत मास्तर विचारायचे, कुणाच्या लग्नाला गेला होतात. गुऱ्हाळाची ती जुनी काहील आठवते? लोक तिच्यात गूळ कढवायचे आणि आपण तिच्यात बसून भीमा पार करायचो. तू मधोमध बसायचास, काठाला धरायला घाबरायचास. आबा वल्हवताना मुद्दाम गिरकी द्यायचे आणि तू "आक्का, धर" म्हणून माझी वेणी ओढायचास.

अकरा घरं होती भोयांची. आता कुणी वीटभट्टीवर, कुणी साखर कारखान्यावर, कुणी तुझ्यासारखं लोको शेडमध्ये. वर धरणं झाली, काठाला मोटारी बसल्या, नदी माघातच तुटते आणि नुसते डोह उरतात. दोष कुणाला द्यायचा? पण आबा एकटेच त्या डोहाला धरून बसलेत. तू सुटीला वस्तीवर जा, स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मला खरं काय ते लिही. गोड लिहू नकोस.

सिंधू

 

दौंड, १६ मार्च १९७५

आक्का,

तुझा टोमणा पोचला. गाड्या वेळेवर आहेत, काळजी नसावी. दाजींना नमस्कार.

आज रविवार, वस्तीवर जाऊन आलो. तू गोड लिहू नकोस म्हणालीस म्हणून कडूच लिहितो. आबा दोन घासांवर आलेत. शेजारच्या तुळजाबाई भाकरी देतात, ती अर्धी कुत्र्याला जाते. घरात गेलो तर आवराआवर केलेली. आईचं लुगडं तुळजाबाईंना देऊन टाकलंय. मोठं जाळं घडी घालून दोरीनं बांधलंय. काहील घासून लख्ख केलीय आणि उपडी घातलीय. मी म्हणालो, "आबा, हे काय, कुठं निघालात?" तर म्हणाले, "ठरायचंय अजून."

मी पुन्हा क्वार्टरवर चला म्हणालो. रंभानं तर त्यांच्यासाठी पडवीत खाट टाकून ठेवलीय. तेव्हा त्यांनी मनातलं काढलं. त्यांचेच शब्द लिहितो. "पाणी आटायच्या आत डोहाला एकडाव गुंगी घालायची. डोहानं दिलं तर नदी जित्ती हाय, मी हितंच ऱ्हाईन, खाईन, पिईन. न्हाई दिलं तर नदी संपली. मग माझं बी संपलं."

मी विचारलं, संपलं म्हणजे काय? त्यांनी हनुवटीनं डोहाकडं दाखवलं. आक्का, त्या डोहाला अजून चार पुरुष पाणी आहे.

आता खरी गोष्ट ऐक. ते दुपारी आडवे झाले होते तेव्हा मी लहान जाळं दोन तास ओढून पाहिलं. माशांची बोटाएवढी तीन पिल्लं मिळाली. डोहात काही नाही. आबांना ते सांगायची माझ्यात धमक नाही. शेवटची गुंगी घातली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मला फक्त आरडाओरडा आठवतो आणि आईनं मला पाटीत बसवलेलं. कसं करायचे ते तुला आठवत असेल तर सविस्तर लिही. एप्रिलच्या पहिल्या रविवारी करायचं म्हणतात. काय करावं ते मला सुचत नाही.

सोपान

 

शिरूर, २१ मार्च १९७५

सोपान,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुझ्या दाजींनी हातातून काढून घेतलं.

आठवतं, सगळं आठवतं. हिंगणाची फळं, तीच ती ओढ्याकाठच्या काटेरी झाडाची, उखळात कुटायची. त्यात राख घालून मळायची आणि पाट्या भरायच्या. सकाळी ऊन लागलं की कर्त्या माणसानं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पाटी हलवत हलवत तो लगदा डोहात सोडायचा. पाणी फेसाळायचं. मग तासभर कुणी बोलायचं नाही. आणि मग आधी झिंगे, मागून शिंगाळे, वांबी, तोंडं वर करून झिंगल्यासारखे फिरायला लागायचे. पोरंसुद्धा हातांनी धरायची. मासा मरायचा नाही, गुंगायचा. जो धरला नाही तो दुपारी पुन्हा ताजा. आई चिडली की आबांना म्हणायची, "तुमी म्हंजी मरळ, सगळा डोह उताणा पडला तरी तुमी आपलं खाली बसल्यालं." आणि आबांना तो मान वाटायचा.

एक नेम तुला ठाऊक असलाच पाहिजे. ज्या घरानं गुंगी घातली त्याच्या कर्त्यानं आधी खायचं, सगळ्या वस्तीसमोर बसून. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी उजाडून तो माणूस धड उठलेला दिसेपर्यंत मासळीला विळी लावायची नाही. कुणा पणज्याच्या वेळी भलतंच फळ कुटलं गेलं होतं म्हणे. आम्ही पोरं रडायचो, पाट्या भरलेल्या आणि पोट रिकामं. आबा मात्र रेंगाळत, काटे चोखत, आम्हाला वाकुल्या दाखवत खायचे.

सोपान, मी बाई माणूस, लांब आहे, घरात सासूबाई अंथरुणाला. मी येऊ शकत नाही. तू तिथं आहेस. आबांनी एकदा शब्द काढला की तो ते खरा करतात, हे तुलाही माहीत आहे. कुठल्या तळ्यातली मासळी आणून सोड, महबूबभाईंना विचार, काय वाटेल ते कर. कसंही कर, पण डोहानं त्या दिवशी आबांना रिकामं पाठवता कामा नये.

सिंधू

 

भोईवस्ती, रविवार, ६ एप्रिल १९७५

आक्का,

पेन्सिलीनं लिहितोय, महबूबचाचा ट्रक चालू ठेवून थांबलेत. डोहानं दिलं. तुझी शपथ घेऊन सांगतो, असं दिलं की काठावर पाट्या कमी पडल्या.

सकाळी आबा आंघोळ करून पाण्यात उतरले. मला पाटी धरू दिली नाही. स्वतः हलवली, दोन्ही पाट्या. कोपरापर्यंत हात लगद्यात. अर्ध्या तासात पाणी उकळल्यासारखं झालं. कुठं लपले होते इतके दिवस कुणास ठाऊक, बहुतेक तळातल्या कपारीत. शिंगाळे, वांबी, खेकडे, बेडूकसुद्धा. आणि मरळी, आक्का. हातहात लांबीच्या काळ्या मरळी, पांढरी पोटं वर करून. सगळी वस्ती धावली. बायका रडल्या. आबा पाण्यात उभे राहून हसत होते, मी त्यांना असं हसताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

नंतर जरा थकले असावेत, गप्प झाले. एक मरळ हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. मग सगळ्यांना ओरडून सांगितलं की आपला नेम पाळायचा, एक मासा वस्तीबाहेर जायचा नाही, उजाडेपर्यंत कुणी विळी लावायची नाही. तुळजाबाईंना म्हणाले, "मला ही मरळ भाजून दे." आता बसतील जेवायला. जुन्या माणसांची जुनी खुळं.

तरी तुझ्यासाठी एक डबा चाचांकडं दिलाय, आबांना न सांगता. रंभानं मासे हळद-मीठ लावून भाजलेत. माहेरची मासळी म्हणून खा. आता ते तिथंच राहणार, खाणार, पिणार. तू निश्चिंत राहा.

सोपान

 

शिरूर, सोमवार, ७ एप्रिल, सकाळी

सोपान,

महबूबभाई चहासुद्धा न घेता उलटे फिरतायत, त्यांच्या हाती हे देते. जे सांगते ते वाचल्याबरोबर कर. एकही मासा कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नकोस. सगळ्या पाट्या खड्ड्यात पुर. आबांना खाल्लेलं ओकायला लाव आणि ट्रकमध्ये घालून दौंडच्या दवाखान्यात ने.

मरळ गुंगत नाही. ती पाण्याबाहेर तोंड काढून वरची हवा घेते, हिंगण तिला काही करत नाही. आपल्या आयुष्यात एकाही गुंगीला मरळ वर आलेली नाही. आबांना हे माहीत आहे, तुळजाबाईंना माहीत आहे, तुला तेवढं माहीत नव्हतं कारण तू पाटीत बसलेला होतास.

डबा आला तेव्हा मी पाणी भरत होते. पत्र वाचेपर्यंत तुझ्या दाजींनी एक तुकडा खाल्ला होता. मिठाचं पाणी पाजून ओकवलंय, आता दवाखान्यात घेऊन निघाले आहे. म्हणून ट्रकमध्ये बसता येत नाही. ते ठीक झाले की दुपारच्या एसटीनं निघते. डब्याला जो वास आहे तो मी दवाखान्यात दर महिन्या-दोन महिन्यांनी घेते. शेतावरचं औषध पिऊन आलेल्या माणसांच्या अंगाला येतो तो.

हिंगणात काय होतं ते मला लिहून पाठव.

सिंधू

 

शिरूर, १२ एप्रिल १९७५

सोपान,

माझी चिठ्ठी पोचायच्या आधीच आबा गेले होते, हे मी आले तेव्हा कळलं. उजाडताना गेले असं तू सगळ्यांसमोर सांगितलंस. दोन दिवस मी तिथं होते. तू एकदाही माझ्याकडं वर तोंड करून पाहिलं नाहीस. लाकडं आण, गुरवाला सांग, पाव्हण्यांना उतरवून घे, तुला कामांची काय कमी.

वस्ती म्हणते, म्हातारा जीव, दिवसभर उन्हात पाण्यात उभा राहिला, झटका आला. मी काही बोलले नाही. पण आबांना शेवटची आंघोळ घालताना मी पाहिलं. दातखीळ बसलेली, बोटं आत वळलेली, जीभ चावलेली. उन्हानं माणूस असा जात नाही. मी वीस वर्षं आया आहे, डॉक्टर नसले तरी डोळे आहेत मला.

तुझे दाजी उठून बसले. तुकडा लहान होता आणि लगेच ओकून पडला, म्हणून. तीन दिवस हातपाय कापत होते. तू त्यांची चौकशीसुद्धा केली नाहीस.

मी पुन्हा विचारते. हिंगणात काय होतं?

सिंधू

 

भोईवस्ती, १५ एप्रिल १९७५

आक्का,

दाजींची चौकशी करायला तोंड नव्हतं म्हणून केली नाही. हे पत्र वाचलंस की चुलीत घाल, एवढं कर.

हिंगणात एन्ड्रीन होतं. उसावर मारतात ते. एका ऊसवाल्या दोस्ताकडून बाटली आणली. तो म्हणाला, ओढ्याच्या पाण्यात सगळेच टाकतात, मासा टपाटप वर येतो, धुऊन घेतला की काय होत न्हाई. मी म्हटलं, आपल्या वाडवडिलांनी झाडाचं फळ टाकलं, हे बाटलीतलं, फरक तो काय. तळ्यातली मासळी आणून सोडायची तर जिवंत आणायला पिंप पाहिजे होतं, गाडी पाहिजे होती, आणि आबांना कळलं असतं. तू लिहिलं होतंस, कसंही कर. आबा आंघोळीला गेले तेव्हा मी दोन्ही पाट्यांत ओतलं आणि राखेनं कालवलं. त्या पाट्या त्यांनी स्वतःच्या हातांनी हलवल्या.

हे सांगायला एवढं जड नाही. पुढचं जड आहे.

जेवायला बसायच्या आधी त्यांनी मला जवळ बोलावलं. वस्ती गोल बसली होती. हळू आवाजात म्हणाले, "सोपाना, पाटीत हिंगणच व्हतं न्हवं?" मी म्हणालो, व्हय. "दुसरं काय न्हाई?" मी म्हणालो, न्हाई. त्यांनी मान हलवली. मग भाजलेली मरळ पुढं ओढली.

आक्का, तू लिहिलं होतंस की आबा रेंगाळत खायचे. तसेच खात होते. एक तुकडा घ्यायचे, सावकाश चावायचे आणि माझ्याकडं बघायचे. पुन्हा एक तुकडा. मला वाटलं, धुतलाय, भाजलाय, काय होणार. मग वाटलं, आता बोलावं. मग तुळजाबाई, पोरं, सगळी वस्ती, सगळ्यांसमोर मी बापाच्या नदीत विष ओतलं असं कसं बोलावं. असं करता करता अर्धी मरळ संपली. मग ते थांबले, हात धुतले आणि मला म्हणाले, "उरल्याली पुरून टाक." मी पुरली. दिवस मावळताना पहिला झटका आला. दवाखान्यात नेऊ म्हणालो तर त्यांनी खाटेचा खूर धरून ठेवला, सोडला नाही. उजाडताना गेले.

त्यांना माहीत होतं का, एवढं मला सांग. रंभाला काही ठाऊक नाही. पोलिसांत कळलं तर नोकरी जाईल आणि मी आत जाईन. एक बरं आहे, सगळ्या पाट्या वस्तीनं पुरून टाकल्यात, कुणी काही खाल्लं नाही. डोहाच्या वाळूतल्या झिऱ्याचं पाणीही कुणी घेत नाही. घरचा कर्ता गेला की तेरा दिवस डोहाचं पाणी घ्यायचं नसतं असा नेम आहे, तुळजाबाई म्हणाल्या. बायका पाटावरून आणतात, मैलभर चालून. जनावरंही तिकडंच नेतात. तेव्हा आणखी कुणाला काही होणार नाही.

सोपान

 

शिरूर, १७ एप्रिल १९७५

सोपान,

पोस्टावर भरवसा नाही, म्हणून हे दौंड गाडीच्या कंडक्टरच्या हाती देते. तुझं पत्र मी चुलीत घातलेलं नाही. घालणारही नाही.

आबांना माहीत होतं का विचारतोस. मरळ हातात घेतली तेव्हाच त्यांना सगळं कळलं. डोहानं दिलं नव्हतं, हे कळलं. बाटलीनं दिलं होतं. आणि त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की डोहानं दिलं नाही तर काय. वस्तीला "खाऊ नका" म्हणाले असते तर लोकांनी विचारलं असतं, का? मग तुझं नाव आलं असतं. म्हणून नेमाचं नाव पुढं केलं आणि स्वतः बसले. तरी तुला विचारलं, दोनदा विचारलं. मला वाटतं, तू खरं बोलला असतास तर त्यांनी ताट बाजूला सारलं असतं. मी हे तुला दुखवायला लिहीत नाही. तू विचारलंस आणि मी खोटं लिहू शकत नाही.

माझाही वाटा आहे. कसंही कर असं मीच लिहिलं, आणि त्या शब्दांनी मला गेल्या पाच दिवसांत झोप दिलेली नाही. आबांना गुंगवायला निघालो आपण दोघं. मला शिक्षा करायला कुणी नाही, म्हणून मीच माझी करीन.

पण आता मेलेल्यांचं सोड, जिवंतांचं बघ. तेरावं परवा आहे. तेरावं झालं की नेम सुटला. वीस तारखेपासून तुळजाबाई, त्यांच्या सुना, गीताबाईची ती तान्हं कडेवर घेऊन फिरणारी पोर, सगळ्या कळशा घेऊन झिऱ्यावर जातील. पाऊस पडून डोह वाहायला अजून दोन महिने आहेत. ते पाणी किती दिवस तसं राहतं ते मला माहीत नाही, तुलाही नाही. तुला नोकरीची पडली आहे.

तेराव्याला सगळी वस्ती जेवायला जमेल. त्या पंगतीत उभा राहा आणि बोल. त्या दिवशी सासूबाईंपाशी दुसरं कुणी नाही, म्हणून मी वीस तारखेच्या पहिल्या एसटीनं निघून थेट वस्तीवर येते. तू बोलला नसलास तर मी बोलेन, आणि तुझं पत्र वाचून दाखवीन. तू माझा भाऊ आहेस, तुला मी कडेवर घेऊन वाढवलंय, हे मला विसरता येत नाही. म्हणूनच आधी तुला सांगते आहे.

सिंधू

 

भोईवस्ती, शनिवार, १९ एप्रिल १९७५

आक्का,

बोललो.

पानं मांडून झाली होती. मी उभा राहिलो तर लोकांना वाटलं, वाढायला निघालाय. मग सांगितलं, बाटलीपासून पुरलेल्या मरळीपर्यंत सगळं. झिऱ्याचं पाणी तोंडात घेऊ नका, जनावरांना दाखवू नका, हेही सांगितलं. रंभा पंगतीतून उठली आणि घरात गेली.

बाकी कुणी हललं नाही. मला वाटलं होतं, धावून येतील, मारतील, निदान शिव्या देतील. कुणी चकितसुद्धा झालं नाही. मी म्हणालो, "अवो, काय तरी बोला." तेव्हा तुळजाबाईंनी मान वर केली. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

"तेरा दिस पानी घ्यायचं न्हाई असा नेम कुटला रं? मी म्हातारी झाले, मला तर म्हाईत न्हाई. मीच काढला त्यो."

त्यांनी पंगतीकडं हात केला.

"मरळ उताणी बघितल्याव भोयाला कुणी सांगावं लागतं व्हय? पोरापास्नं म्हातारीपतूर समद्यांनी बघितलं. आमी उठाय लागलो तर म्हाळूआबानं हात दाखवून खाली बशिवलं. त्यो खात व्हता तवा आमी त्याच्याकडं न्हवतो बघत. तुझ्याकडं बघत व्हतो."

मग त्या म्हणाल्या, "त्यानं तुला अर्धी मरळ सरंपतूर येळ दिला. आमी तेरा दिस दिला. मैलभर पानी व्हायलं बायांनी, तू बोलशील म्हून."

आक्का, त्या सगळ्या बायका रोज दोन खेपा माझ्यासमोरून जात होत्या. मी बसल्या जागेवरून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बरं झालं, नेम आहे.

पंगत जेवली नाही. पोलीस पाटील साहेबराव पंगतीतच होते. ते म्हणाले, "ठाण्यावर जायला लागंल, सोपान. मी संगट येतो." मी म्हणालो, चला. ऊन उतरलं की निघायचंय. तोवर बहिणीला लिहू द्या म्हणालो, तर स्वतःच कागद आणून दिला. हे पत्र तुळजाबाईंकडं ठेवून जातो. तू उद्या येशील तेव्हा त्या देतील.

मी ठाण्यावर असेन. आधी तिकडं येऊ नकोस, आधी रंभाकडं बघ. ती आतून कडी लावून बसली आहे आणि मी हाक मारली तर उत्तर देत नाही.

सोपान